बोटांना कळलेला अपूर्णांक

"हात नको लावू वं! डाग पडतो स्क्रीनले."

सर भर वर्गात ओरडले. मी सातवीत होते. हात धुतलेले होते.

वरवट बकालजवळचं आमचं गाव. शाळेत नवे टॅब आले होते. जमीनवाल्यांची पोरं पुढच्या बाकांवर. आम्ही बौद्धपुऱ्यातले शेवटी, भिंतीला टेकून. टॅब आमच्यापर्यंत यायचाच नाही.

"मागून पाहा. पाहूनई शिकता येते," सर म्हणायचे.

काय पाहणार? पुढच्यांची डोकी. खिडकीच्या उन्हानं पांढरी पडलेली स्क्रीन.

अपूर्णांक चालू होते. स्क्रीनवर भाकरी. बोटानं तुकडे सरकवायचे, जोडायचे. पुढची पोरं सरकवत होती. मध्येच सरांनी मला उभं केलं. "अर्धा अन् पाव, किती?"

मला नाही आलं.

"पाहा! यायले टॅब देऊन का फायदा?"

वर्ग हसला. वैशालीसुद्धा. ती माझ्यासोबत डबा खायची.

संध्याकाळी आई कापूस वेचून दमून आली होती. तिला काही सांगितलं नाही. अंगणात एकटीच बसले. ओल्या मातीच्या भाकरी थापल्या. कापल्या. अर्धी उचलली, शेजारी पाव ठेवली. पाऊण! लगेच दिसलं.

मी ढ नव्हते. मला करून कळत होतं. आणि करायलाच मिळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी न विचारता पुढे गेले. टॅबवर बोट ठेवलं.

"सर, मले हातानं समजते. नुसतं पाहून नाही समजत."

सरांनी दंड धरून बाहेर काढलं. "माफी माग, मंग आत ये."

नाही मागितली. वर्ष संपेपर्यंत गणिताच्या तासाला व्हरांड्यात बसले. आतला आवाज ऐकू यायचा. बाहेर कोणी यायचं नाही. वैशालीनं डबा दुसरीकडे नेला.

आज मी मलकापूरला शिकवते. माझ्या वर्गात टॅब रोज वेगळ्या बाकापासून फिरतो. परवा एक पालक आले.

"मॅडम, आमच्या पोरीले त्यायच्यासंगं एका टॅबवर नका बसवू."

"मंग तिले टॅब भेटणार नाही," मी म्हटलं.

तक्रार वर गेली. स्टाफरूममध्ये माझ्याशी कोणी बोलत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "मिटवून टाका, मॅडम. त्या पालकांना माफीचे दोन शब्द बोलून द्या."

बोलणार नाही. बदली करायची तर करा. मी या वर्गावर आहे तोवर कोणाचीही जागा आडनाव पाहून ठरणार नाही.