टेकाडामागची गल

जामखेडच्या बाजूला, आमच्या गावच्या माळावर, आमच्या दादांचं गोल्फचं मैदान आहे. हसू आलं असेल तर हसून घ्या, आमचं गाव दोन वर्षं हसत होतं. दादा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी नगरला एका गोल्फच्या मैदानावर गवत कापण्यात आणि गवताला पाणी देण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं गावी येतात, घराला रंग देतात, भजनात टाळ धरतात. दादांनी गावी येऊन हरळी लावली.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांना यातला अनर्थ कळायचा नाही. हरळी हे उपटायचं गवत. ती उपटता उपटता आमच्याकडे माणसं म्हातारी होतात, पण ती काही संपत नाही. आणि हा शहाणा माणूस नगरहून ओल्या पोत्यात गुंडाळून हरळी घेऊन आला, मांडीवर ठेवून, एसटीने. शेजारच्या बांधावरचे आमचे चुलते ती बघून खालीच बसले. "आरं, येड लागलं का तुला? उंद्या पैशे दिऊन गाजरगवत बी आनशील!"

दादांनी ऐकून घेतलं आणि हरळी लावली. ते कुणाचंही ऐकूनच घेतात, करायचं तेच करतात.

खऱ्या मैदानावर अठरा भोकं असतात. आमच्याकडे एकच आहे, कारण पाणी एकापुरतंच आहे. भोकाला आम्ही गल म्हणतो, गोट्यांच्या डावात म्हणतात तशी. घरामागे एक टेकाड आहे आणि त्याच्या पलीकडे, रस्त्यासाठी मुरूम काढून नेला त्याचा मोठा खड्डा. दादांनी त्या खड्ड्याच्या कडा घासून, माती भरून त्याची भली मोठी वाटी केली, आत हरळी पसरवली आणि बरोबर तळाशी गल पाडली. "वाटीत पानी बी आपसूक मधी येतं, आन् चेंडू बी," असं ते म्हणायचे. आईचं धुण्याचं पाणी पाटाने त्या वाटीत सोडलेलं आहे. उन्हाळ्यात चौफेर माळ करपलेला असतो आणि मध्ये ही एवढी हिरवी वाटी.

अडचण एकच. फटका मारायचा घराकडून, लिंबाच्या झाडाखालून, आणि तिथून वाटी दिसत नाही. दिसतं ते टेकाड आणि त्यावर आईच्या जुन्या लुगड्याचं निशाण. निशाणाकडे बघून काठी हाणायची, चेंडू टेकाडापलीकडे जातो, पुढचं देवाला ठाऊक. देवाला आणि आईला. कारण पलीकडे बाभळीखाली आई बसते. चेंडू मोजकेच, नगरच्या मैदानाच्या झुडपांतून वर्षानुवर्षं वेचलेले, ते हरवू नयेत म्हणून तिला तिथे बसवलेली. ती लसूण सोलते, शेंगा फोडते आणि चेंडू गलीत गेला की पळीने स्टीलचं ताट वाजवते. नाही गेला तर ओरडते, "न्हाई गेलाऽ!"

आता माझी खोड सांगते. मी शिर्डीजवळ कोल्हारला दिलेली, तिथेच शाळेत शिकवते, आणि परीक्षेत कॉपी पकडणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे. मला खोटं खपत नाही. हे पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगितलं.

पहिला मान जावयाचा. आमच्या ह्यांनी जन्मात कॅरमखेरीज काही खेळलेलं नाही. दादांनी त्यांच्या हातात काठी दिली, पाय कसे ठेवायचे ते दाखवलं. ह्यांनी डोळे मिटून काठी फिरवली. चेंडू उजवीकडे गोठ्याच्या दिशेने सणाणत गेलेला मी स्वतः पाहिला. दोन मिनिटं गेली आणि टेकाडामागून ताट वाजलं.

"दगडाला लागून वळला असणार," हे म्हणाले. तेव्हापासून एकही लग्न, बारसं, दहावा असा गेला नाही की जिथे त्या दगडाची गोष्ट निघाली नाही. हळूहळू दगड मोठा होत गेला आणि वळण कमी होत गेलं. हल्ली चेंडू सरळच जातो. त्या फटक्यानंतर तिसऱ्या दिवशी गोठ्यातल्या कडब्यात एक चेंडू सापडला. दादांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि खिशात घातला. म्हणाले, "ह्यो दुसराच असंल."

मग काय, बोभाटा झाला. गिरणीवाले आले, ताट वाजलं. गुरांचे डॉक्टर म्हशीला इंजेक्शन द्यायला आले, जाता जाता फटका मारून गेले, ताट वाजलं. ठिबकच्या नळ्या विकणारा एकजण आला, नळ्या कुणी घेतल्या नाहीत पण ताट वाजलं. शेजारगावाहून लोक टेम्पो करून येऊ लागले. हसणारं गाव हसायचं थांबलं. चुलत्यांनी तर दोनदा वाजवून घेतलं आणि हरळीबद्दलचे शब्द गिळले. एकाच फटक्यात चेंडू गलीत जाणं ही तिकडे मोठ्या मैदानांवर जन्मात एकदा होणारी गोष्ट. आमच्या माळावर ती चहा पिण्याइतकी सोपी झाली.

फक्त दादांचा चेंडू जात नव्हता.

रोज सकाळी वाटीला पाणी सोडून झालं की ते लिंबाखाली यायचे, एकच फटका मारायचे आणि काठी धरून उभे राहायचे. पलीकडून आवाज यायचा, "न्हाई गेलाऽ! एक वीत ऱ्हायलाऽ!" कधी दोन वीत, कधी हातभर. त्यांनी स्वतः केलेली वाटी, स्वतः लावलेली हरळी, आणि तिने येईल त्याचा, जाईल त्याचा चेंडू पोटात घ्यावा, दादांचा नाही. "पाव्हन्यांचा पायगुन," असं म्हणून ते काठी पुसून ठेवायचे. पण एकदा मला म्हणाले, "बाय, एकदा जावा बगं. मरायच्या आदी एकदा." मला वाईट वाटलं. इतकं की मी घरी परत जाताना देवाला नवस बोलले, तोही गोल्फसाठी.

त्यानंतरच्या संक्रांतीला मी माहेरी गेले होते. कुणी पाहुणा फटका मारायला उभा होता, मी आईला पाणी द्यायला टेकाडामागे गेले. चेंडू आला, वाटीच्या कडेला हरळीत रुतून बसला. आई उठली, कंबरेवर हात ठेवून खाली उतरली, चेंडू उचलला, गलीत टाकला, वर आली आणि ताट वाजवलं.

मी कॉपी पकडणारी बाई. आणि हे केंद्र तर माझ्या आईनेच चालवलेलं! मी म्हटलं, "आई, हे काय?"

"काय म्हंजी? येवढ्या लांबनं उनातानाचा मानूस आला, त्येला न्हाई गेला म्हनून रिकामा लावून द्यायचा?"

"आणि ह्यांचा? गोठ्यात गेला होता ना?"

तिने कनवटीचा जादा चेंडू काढून दाखवला. "जावई हायती. त्यांचा नको जायाला?"

"मग दादांचा का नाही घालत? ते बिचारे रोज..."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मीच कॉपी करताना सापडले. "त्ये काय पाव्हने हायेत? घरच्यानं मागनं जेवायचं असतं."

मला रागही आला आणि हसूही. दादांना सांगावं तर त्यांचं मैदानच खोटं ठरतं, ह्यांना सांगावं तर पुढची सगळी लग्नं सुतकात जातात. जन्मात पहिल्यांदा मी कॉपी पाहून गप्प बसले.

आणि मग साहेब आले. हे दादांचे नगरचे जुने साहेब, मैदानाचा कारभार पाहणारे. नोकरीत असताना दादांनी एकदा धीर करून त्यांना म्हटलं होतं की एक ग्रीन, म्हणजे गलीभोवतीचं बारीक कापलेलं गवत, वाटीसारखं करू, टेकाडाआड. साहेब सगळ्यांदेखत हसले होते. "न दिसणारा फटका आणि वाटीतलं ग्रीन? हा खेळ नव्हे, लॉटरी आहे." ती लॉटरी दादांनी इतकी वर्षं मनात ठेवली होती. साहेब शिर्डीला आलेत असं कळलं तेव्हा दादांनी फोन केला, आणि साहेब चक्क वाट वाकडी करून यायला तयार झाले. आम्ही त्यांना आमच्याच गाडीतून घेऊन निघालो. शिर्डी ते जामखेड ह्यांनी दगडाची गोष्ट सांगितली. साहेब सज्जन माणूस, तीन वेळा "वा!" म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी चाळीस वर्षं खेळतोय. माझा एकदाही गेला नाही."

झालं. घरी पोचताच हे आईच्या कानावर गेलं, आता ती ऐकणार होती होय?

हुरडा झाला, गूळ झाला, दोनदा चहा झाला. साहेबांनी मैदान पाहायला नकार दिला. म्हणाले, आधी न बघताच मारणार. पांढरा शुभ्र नवा चेंडू काढून त्यावर लाल ठिपका काढला. ते, दादा आणि हे लिंबाखाली थांबले, मी आणि आई टेकाडामागे.

नेमकी तेव्हाच चुलत्यांची शेळी वाटीकडे आली. अख्ख्या माळावर हिरवं एवढंच, तिचाही काय दोष! आई पळी घेऊन तिच्यामागे धावली. तेवढ्यात साहेबांचा चेंडू आला आणि वाटीच्या कडेला हरळीत अडकला. मी आईला हाक मारली, पण ती आणि शेळी पार बांधावर पोचल्या होत्या. बराच वेळ ताट नाही, ओरडा नाही, म्हणून तिकडे साहेबांनी दादांना आग्रह केला असावा. कारण दुसरा चेंडू आला. दादांचा, पिवळा पडलेला. तो पलीकडच्या कडेला टेकला, थोडा थांबला, मग उताराला लागला. सावकाश, दादा चालतात तसा. मी ओढणी तोंडात धरली. तो गलीच्या काठावर आला, थांबेल थांबेल वाटलं, आणि आत पडला. आपला आपण. टुप्प असा आवाज आला.

मी गलीकडेच बघत उभी. तोवर आई धापा टाकत परत आली, तिने लाल ठिपक्याचा चेंडू पाहिला, उचलला, गलीत न बघताच टाकला आणि असं ताट बडवलं की शेळी परत पळाली.

साहेब टेकाड चढून आले ते जवळजवळ पळतच. ह्यांनी त्यांना मिठी मारली, बरोबरीच्या माणसाला मारावी तशी. यजमान म्हणून दादा खाली उतरले, वाकले, गलीत हात घातला. आणि तसेच थांबले.

मला कळलं, त्यांच्या बोटांना दोन चेंडू लागले होते. वरचा साहेबांचा, जो आधी मारला होता. खालचा त्यांचा, जो नंतर मारला होता. हे असं कसं होईल ते समजायला शाळेत जावं लागत नाही. दादांनी लाल ठिपक्याचा चेंडू काढला, धोतराला पुसला आणि दोन्ही हातांनी साहेबांना दिला.

साहेबांचे डोळे भरून आले. "मी चुकलो होतो," ते म्हणाले. "तुमचं ग्रीन फार सुंदर आहे." मग इकडेतिकडे बघून विचारलं, "आणि तुमचा चेंडू?"

"माझा गेला झुडपात. न्हेमीवानी."

मी तोंड उघडलं. दादांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं.

चार वाजता हे साहेबांना घेऊन शिर्डीला निघाले. एका गाडीत दोन विक्रमवीर, मला गाडीची दया आली. मी दोन दिवस माहेरी राहणार होते. धूळ खाली बसली तशी मी दादांना ओढत वाटीपाशी नेलं. आई ताट-पळी गोळा करत होती.

"दादा, तुमचा गेला होता. खरा गेला. मी बघितला!"

"म्हाईत हाय." ते खाली उतरले, पिवळा चेंडू गलीतून काढून तळव्यावर घेतला.

आईचा चेहरा पडला. "मी न्हाई हां घातला तुमचा!"

"त्येच तर. तू माझा कवा घातलायस व्हय? म्हनून तर कळलं, आपला आपनच गेलाय."

आईने पळी खाली ठेवली. "तुमाला समदं म्हाईत हुतं?"

"कडब्यात जावयांचा चेंडू घावला तवापास्नं."

"मग बोलला का न्हाई?"

"पाव्हन्यांम्होरं काय बोलायचं? लोक हासत घरी जात हुते. मैदान त्याच्यासाठीच अस्तंय." मग चेंडू बोटांत फिरवत म्हणाले, "साहेब चाळीस वर्सं खेळतोय गं. त्येला काय सांगू, तुमचा आमच्या मंडळींनी टाकला? वाटी खोटी न्हाई येवढं मला कळलं. बास."

मी रडत होते हे मला नाक पुसताना कळलं. आई मात्र चिडली होती, स्वतःवर. रोज सकाळी ऊन, वारा न बघता ती तिथे बसली होती, खरा वीतभर तर वीतभर सांगत होती, आणि ज्या एका दिवशी गेला त्या दिवशी ती शेळीमागे होती. ती बाभळीखाली आपल्या जागी जाऊन बसली, ताट मांडीवर घेतलं आणि पळीने वाजवायला लागली.

"अगं बास," दादा म्हणाले. "पोचा पडंल ताटाला."

पोचा पडला. ती थांबली नाही. एवढं ताट कुठल्याच पाहुण्यासाठी वाजलं नव्हतं. शेवटी शेजारच्या बांधावरून चुलत्यांनी हाक दिली, "आरं, आता कोन पाव्हना आलाय?"

आईने पळी वर धरली आणि तिकडे तोंड करून ओरडली, "पाव्हना न्हाई, भावजी! घरचाच हाय!"