मला ऊन चालत नाही, तरी जयपूर!

जयपूरला जायचं मी ठरवलं, तेव्हा घरात एकच प्रश्न: उन्हाचं काय? दोन वर्षांपासून मला उन्हाची अ‍ॅलर्जी आहे. जरा ऊन लागलं की मानेवर, हातांवर लाल चट्टे उठतात, आणि बरे झाले तरी डाग मागे ठेवून जातात. गेल्या वर्षी दापोलीहून दुसऱ्याच दिवशी परतावं लागलं होतं. "मला तुझे हाल बघवत नाहीत," म्हणून नवऱ्याने या वेळी बरोबर यायला साफ नकार दिला. मीही हट्टाला पेटले. या खेपेला चट्टे उठले तर फिरणं कायमचं बंद, पण एकदा बघणारच!

फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याहून रेल्वेने निघाले. जयपुरात प्रताप नगरला माझी धाकटी बहीण मंदा राहते. मेहुणे विमा कंपनीत, बदलीवर आलेले ते तिथेच रमले. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी रेवा तिथेच वाढली. सहलीचं सगळं तिच्याकडे. तिला मी फोनवर बजावलं होतं, "मला ऊन अजिबात चालत नाही गं, अंगावर चट्टे येतात. तेवढं सांभाळ."

पहिल्या रात्री मला पांघरायला दोन पातळ चादरी! थंडी चांगलीच होती, रात्रभर कुडकुडले. सकाळी विचारलं, "रेवा, घरात एखादं ब्लँकेट नाही का गं?"

"होते ना मावशी, सगळे माळ्यावर टाकले. शाल पण, स्वेटर पण. तुला ऊन चालत नाही ना? मतलब, अ‍ॅलर्जी?"

मंदाने कपाळावर हात मारला. "अगं बाई, हिंदीत ऊन म्हणजे लोकर! मावशी धूप म्हणतेय, धूप!"

मी हसून हसून लोळले. रेवाचं तोंड मात्र एवढंसं झालं. आमेरच्या किल्ल्यासाठी तिने उघडी जीप ठरवली होती, तीही भर दुपारी बारा वाजता. "मी तुला जाळलं असतं, मावशी," म्हणत ती रडायलाच लागली.

जीप रद्द केली. दुसऱ्या दिवशी किल्ल्याचं दार उघडायच्या वेळी आम्ही हजर. निघण्याआधी चेहरा, कान, मान, हाताची पाठ, सगळीकडे सनस्क्रीनचा जाड थर. पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता, रुंद काठाची टोपी, वर रेवाची ओढणी. (वाचकहो, सनस्क्रीन एकदा लावून भागत नाही, दर दोन तासांनी पुन्हा लावा. कान आणि मान विसरू नका.)

आणि आमेर! काय बांधलंय हो! जाड भिंती, दगडी जाळ्या, आणि आतल्या सुखनिवास महालात तर वारा पाण्यावरून गार होऊन आत यावा अशी सोय. उन्हाशी भांडत न बसता त्याला दारातच थोपवणारी ही माणसं मला फार आवडली.

तिथेच माझी मान खाजायला लागली. माझं अवसान गळालं. "रेवा, बघ गं, उठला का चट्टा?" तिने ओढणी सारली, मोबाइलचा दिवा लावून निरखलं.

"मावशी, मच्छर चावला."

एवढ्यावर मला रडू फुटलं. शेजारची राजस्थानी बाई विचारायला लागली, "क्या हुआ, बहनजी?" रेवा म्हणाली, "कुछ नहीं, खुश हैं।" खरंच होते मी खुश.

पुढचे दोन दिवस हेच वेळापत्रक. दुपारी घरी मंदाच्या हातची कढी आणि गट्ट्याची भाजी, मग ताणून झोप. ऊन उतरल्यावर ई-रिक्षाने जोहरी बाजार. तिथे दुकानांपुढे लांबच लांब छपराच्या ओसऱ्या आहेत, सावली न सोडता हवं तेवढं फिरा. पाहण्याची ठिकाणं बरीच असतील तर एकत्रित तिकीट काढा, स्वस्त पडतं.

घरी आले तर नवऱ्याने आधी बॅग घेतली नाही, माझी बाही वर केली. एक हात पाहिला, दुसरा पाहिला, मान वळवायला लावली. मग म्हणाला, "पुढच्या वेळी मला नेशील?"