क्लचचं झिजलेलं रबर

उचगावात आमच्या दारात वरातीची घोडी असायची. मी लग्न होऊन आले तेव्हा दोन होत्या, पुढं एकच राहिली. पांढरी, शांत, कानाशी बँड वाजला तरी जागची न हलणारी. मालक, म्हणजे माझा नवरा, तिला सजवून नवरदेवाच्या दारात नेऊन उभी करायचे. पूर्वी सगळी लग्नं गावात नाहीतर शहराच्या पेठांतल्या गल्ल्यांत व्हायची, त्यामुळं चालत नेली तरी भागायचं. मग हायवेला कागलच्या अंगानं मोठमोठी मंगल कार्यालयं उभी राहिली आणि घोडी ट्रकांच्या कडेनं चालवत न्यायची पाळी आली. एका संध्याकाळी मागनं आलेल्या ट्रकनं असा हॉर्न दिला की ती शांत घोडीही बिचकून आडवी सरली आणि मालक तिच्या आणि पुलाच्या कठड्याच्या मधे दाबले गेले. बरगडी मोडली. अंथरुणावर पडल्या पडल्या ते म्हणाले, "आता हिच्यासाठी गाडी बघाय पायजे."

नवी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती. घोड्यासाठी बांधून घेतलेला जुना टेम्पो शोधायचा ठरला. मागं चढायला फळी, आत घोड्याच्या छातीपुढं आडवा दांडा, दोन्ही बाजूंना वारा लागेल अशा जाळ्या. शर्यतीचा घोडा बाळगणाऱ्यांकडं तसले टेम्पो असायचे. मालकांना घोड्यातलं सगळं कळायचं, इंजिनातलं काही नाही.

"दादाला घेऊन जाऊया की," असं मीच सुचवलं. दादा माझा थोरला भाऊ. बरीच वर्षं ट्रक चालवून शेवटी जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत पडलेला. गाडी पारखायला लोक त्याला लांबलांबनं बोलवायचे. माझ्या माहेरचं माणूस सासरच्या उपयोगी पडतंय याचं मला फार कौतुक वाटत होतं.

टेम्पो कागलच्या पुढं, राज्याच्या हद्दीजवळच्या एका गावात होता. घर शेतकऱ्याचं, आपसात कानडी बोलणारं. आम्ही पोचलो तेव्हा घरधनी, कपाळाला विभूती लावलेले एक म्हातारे गृहस्थ, टेम्पो पुसत होते. विकायच्या गाडीला लोक पाणी मारतात. हे मात्र ओल्या फडक्यानं जाळीचा एकेक गज पुसत होते.

"या की पावणं," ते म्हणाले. "पोरगं चालवत हुतं. त्याला हुबळीला नोकरी लागली. घोड्याचा पाय अधू झालता, त्यो आधीच दिला. आता गाडी ठिवून काय करायची? लय पळाली न्हाई बघा. शर्यतीशिवाय पोरानं भाईर काढलीच न्हाई."

दादा पुढच्या बाजूला गेला, मालक मागच्या. मी पायरीवर बसून दोघांकडं बघत होते. दादानं आधी सीटवर बसून ती किती दबलीय ते पाहिलं. स्टिअरिंगवरनं हात फिरवला, मीटरच्या काचेत वाकून बघितलं, मग खाली गुडघे टेकून पेडल तपासली आणि शेवटी पाठीवर पडून गाडीखाली शिरला. मालकांचं बघणं वेगळं होतं. त्यांनी आतली रबरी चटई उचलली आणि खालच्या फळ्यांत किल्लीचं टोक खुपसत गेले. घोड्याच्या मुतानं फळ्या आतल्या आत कुजतात, वरनं कळत नाही. चढायच्या फळीवर त्यांनी उड्या मारल्या. मग आत जाऊन, घोडं जिथं उभं राहतं तिथं दांडा धरून उभे राहिले आणि दादाला ओरडून म्हणाले, "पावणं, जरा चक्कर मारा. घोडं काय सांगणार न्हाई. आपुनच हुबं राहून बघाय पायजे."

चक्कर मारून आले तेव्हा मालकांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दादानंही माझ्याकडं बघून एक भुवई उचलली. लहानपणापासून मी ती भुवई ओळखत होते. माल चांगला होता.

म्हाताऱ्यांनी किंमत सांगितली. ती वाजवी होती, हे मला दादाच्या गप्प बसण्यावरनं कळलं. मग तो म्हणाला, "काका, जरा हिकडं या."

त्यानं त्यांना टेम्पोच्या दाराशी नेऊन क्लच दाखवला. पेडलवरचं रबर पार गुळगुळीत झालं होतं, एका कोपऱ्यात तर आतलं लोखंड चमकत होतं.

"मीटर काय दाखवतोय आणि ह्ये रबर काय सांगतंय, बघा तुम्हीच. एवढ्याशा पळण्यानं रबर असं झिजत नसतंय. मीटर मागं फिरवलाय. भाडी मारलीत गाडीवर."

"भाडी कोण मारणार?" म्हातारे म्हणाले. "पोराशिवाय कुणाचा हात न्हाई लागला गाडीला."

दादानं खांदे उडवले. "मग पोरालाच इचारा की."

त्यांच्या बायको चहाचे कप घेऊन उंबऱ्यात आल्या होत्या. म्हातारे त्यांच्याकडं वळून कानडीत काहीतरी बोलले. त्या तिथंच थबकल्या, एकच शब्द फटकन उलट बोलल्या आणि कप पायरीवर ठेवून आत गेल्या. मला कानडी येत नव्हतं. पण भांडण कुठल्याही भाषेतलं कळतं.

त्यानंतर घासाघीस झालीच नाही. दादा जेवढं म्हणाला तेवढ्याला ते हो म्हणाले. "न्या," म्हणाले, "डोळ्यासमोरनं न्या एकदाची."

येताना टेम्पो दादाच चालवत होता आणि खुशीत होता. मालकांनी विचारलं, "पावणं, खरंच मीटर फिरवलाय व्हय?"

"गाडी तुमची झाली न्हवं? मग आता कशाला ते?" दादा म्हणाला आणि मी हसले. खरंच हसले. आपल्या भावानं काम फत्ते केलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

टेम्पो चांगला निघाला. मालकांनी क्लचला नवं रबर बसवलं आणि चालवायला शिकले. ते बरे झाले तरी मी बरोबर जायचा पायंडा पडला. घोडीला झूल घालणं, आयाळ विंचरणं माझ्याकडं आलं. घोडी मागं असली की मालक गाडी इतकी हळू न्यायचे की सायकलवाले पुढं जायचे. वळण आलं, खड्डा आला की त्यांचा डावा पाय क्लचवर. घोड्याला धरायला हात नसतात. एक झटका बसला तरी ते गुडघ्यावर येतं.

दुसऱ्या लगीनसराईनंतर एका सकाळी टेम्पो धुताना त्यांनी मला हाक मारली. दार उघडं होतं आणि ते क्लचकडं बोट दाखवत होते. नवं घातलेलं रबर गुळगुळीत झालं होतं. त्याच कोपऱ्यात लोखंड दिसत होतं.

"आपुन कितीसं पळालो गं?" ते म्हणाले. "कागल, हुपरी, लईच झालं तर गडहिंग्लज. मीटर बघ." त्यांनी त्या उघड्या लोखंडावर अंगठा घासला. "त्या पोरानंबी अशीच चालवली असणार. घोड्याला जपत."

भाऊबीजेला दादा आला तेव्हा मी त्याला विचारलं. तो जेवत होता. घास न थांबवता म्हणाला, "मीटरच्या स्क्रूला ओरखडासुदीक नव्हता. मला तवाच कळलंतं."

"मग तसं का बोललास?"

"व्यवहारात बोलावं लागतंय. म्हाताऱ्यानंबी चार पैसे वाढवून सांगितलं असणारच की."

"ते पोराला काय बोलले असतील, दादा?"

"बाप-लेकात बोलणं हुतंयच," तो म्हणाला आणि आमटी मागितली. मी वाढली.

एकदा जाऊन येऊ, असं मालक आणि मी एकमेकांना म्हणत राहिलो. जाऊन काय सांगायचं, या विचारानं दोघांचेही पाय मागं यायचे. नंतर लग्नाच्या तारखा आल्या आणि तेवढं निमित्त आम्हाला पुरलं.

पुढं एके दिवशी कागलजवळच्या एका कार्यालयात घोडी उतरवत होतो. एक तरुण बायकोला घेऊन टेम्पोजवळ येऊन उभा राहिला. बायकोच्या हातातला हिरवा चुडा अजून नवा दिसत होता. त्यानं चढायच्या फळीच्या बिजागरीवर हात ठेवला आणि ती थोडी हलवून पाहिली.

"ही अजून कुरकुरते व्हय?" तो हसला. "गाडी आमची होती. ही फळी मी बसवलेली."

मालकांच्या हातातला लगाम तसाच राहिला. "तुमच्या अप्पांकडनंच घेतली," ते कसेबसे म्हणाले. "बरं हाय का त्यांचं?"

त्याचं हसू गेलं. "ठाऊक न्हाई. माझ्याशी बोलत न्हाईत. गाडी विकली त्या दिवशी फोन आला, मीटर का फिरवलास म्हणून. मी म्हटलं, कुठला मीटर? म्हणाले, चोरून भाडी मारलीस, त्या दगदगीनंच घोड्याचा पाय गेला. शपथ घेतली तरी पटलं न्हाई त्यांना." बायकोनं त्याच्या हाताला हात लावला, पण तो बोलत राहिला. "माझ्या लग्नालाबी आले न्हाईत."

मालकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात बँड सुरू झाला आणि नवरदेवाचा मामा घाई करत आला. "घोडी कुठाय? मुहूर्त जातोय!"

"थांबा हं, आलोच," मालक त्या तरुणाला म्हणाले. मीही झूल सावरत मागोमाग गेले. वरात दारात पोचवून परत आलो तेव्हा ती दोघं निघून गेली होती. मला त्याला जागच्या जागी सांगता आलं असतं. घोडीला एकटे मालक पुरेसे होते. मी गेले, कारण तिथं थांबायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही त्या गावाला गेलो. दादाला बोलवलं नाही. म्हातारे सोप्यात बसले होते, पूर्वीपेक्षा वाळलेले. त्यांनी आम्हाला ओळखलं आणि विचारलं, "काय, गाडी बिघाडली?"

"न्हाई," मालक म्हणाले. "गाडी झकास हाय. ते सांगायलाच आलोय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. क्लच, नवं रबर, ते पुन्हा कसं झिजलं, मीटरला कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता हे. मी मधेच म्हटलं, "खोटं बोलला तो माझा भाऊ. त्याला मी आणलंतं." माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला.

मला वाटलं होतं, शिव्या देतील. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अंगणाकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले, "तुमचा भाऊ अर्धा तास आलता. त्याचं मी खरं धरलं. पोरगं जन्मापासनं माझ्या घरात, त्याचं खोटं धरलं. आता ह्यात तुमचं किती आणि माझं किती, तुम्हीच सांगा."

आतल्या दारात त्यांच्या बायको उभ्या होत्या. आम्हाला कळावं म्हणूनच बहुतेक, त्या मराठीत बोलल्या. "मी त्याच दिवशी म्हटलंतं. माझं पोरगं तसलं न्हाई."

म्हाताऱ्यांनी कोनाड्यातल्या फोनकडं मान वळवली. "लाव त्याला," ते बायकोला म्हणाले. मग मालकांकडं बोट केलं. "आधी तुम्ही बोला. मला कुठल्या तोंडानं बोलू सुचंना झालंय."

मालक बोलले. अडखळत, पण काही न लपवता. कालच्या बँडचंही सांगितलं, आपण पळून गेलो असं म्हणाले. पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. मग त्यांनी रिसीव्हर पुढं केला. म्हातारे तो दोन्ही हातांनी कानाला धरून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. नंतर कानडीत थोडकं काहीतरी बोलले. त्यातलं मला "बा" एवढंच कळलं. बा म्हणजे ये.

तो आला. बैलांच्या सणाला, बेंदराला आला, पुढं दिवाळीलाही आला. त्याच्या आईनं फोन करून सांगितलं तेव्हा मी देवापुढं दिवा लावला आणि मोठ्या हौसेनं दादाला कळवलं. "मग मिटलं की!" तो म्हणाला. त्याच्या दृष्टीनं ते मिटलं. मालकांनी त्याला पुढं कधीही कुठल्या व्यवहारात बरोबर नेलं नाही, पण त्याच्यापुढं शब्दही काढला नाही. तो माझा भाऊ होता आणि आहे. त्याला ओवाळताना माझा हात थांबला नाही. नुसता जड व्हायचा.

त्या घरी आमचं येणं-जाणं राहिलं. घोडीला कडबा त्यांच्याकडनंच यायचा. एकदा आम्ही गेलो तेव्हा सून माहेरून तिच्या लग्नाचा अल्बम घेऊन आली होती. तिच्या सासूबाईंनी मला शेजारी बसवून घेतलं आणि पान पान उलटून दाखवायला लागल्या. ही विहीणबाई. ही मी, बघा कशी रडतेय. अक्षतांच्या फोटोत नवरदेवाच्या मागं, सासूबाईंच्या शेजारी, एक फेटेवाले गृहस्थ उभे होते.

"हे कोण?" मी न राहवून विचारलं.

"माझा भाऊ," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या जागी उभा राहिलता."

म्हातारे सोप्यातच होते. त्यांनी ऐकलं असणार. ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि वैरण टाकायची वेळ झाली म्हणून गोठ्याकडं गेले. सासूबाईंनी पुढचं पान उलटलं. मी प्रत्येक फोटो बघितला, प्रत्येकाला छान आहे म्हटलं आणि अल्बम संपेपर्यंत मान वर केली नाही.