सुभेदारांची पाटी आणि सुनेचं भडंग

सुभेदार लालासाहेबांनी निकालाआधीच नावापुढे 'बी.ए.' लिहिलेली पाटी रंगवून घेतली, हा पहिला गाढवपणा. इतिहासात चार मार्कांनी आपटले आणि पाटी गोठ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अठराव्या वर्षी शाळा सोडून फौजेत गेलेला माणूस साठीला मुक्त विद्यापीठाच्या परीक्षेला बसतो! ती पाटी बघून मला खरंच वाईट वाटायचं.

कोरेगावात रविवारी मीच त्यांचा वर्ग घेतो. आपटवणारा प्रश्न होता, अमेरिकेतल्या दक्षिणेच्या राज्यांनी संरक्षक जकातीला विरोध का केला? सुभेदारांनी 'संरक्षक' वाचलं आणि त्यांना संरक्षण खातं दिसलं. फौजेसाठी पैसा द्यायला नको म्हणतात म्हणून त्यांनी त्या राज्यांना चार पानं झोडपलं होतं.

"अहो सुभेदार, इथं फौज कुठून आली?" मी म्हटलं. "उत्तरेतल्या कापडगिरण्या नव्या. त्या तगाव्यात म्हणून परदेशी कापडावर जकात बसवली. दक्षिणेचे जमीनदार कापूस विकणार आणि कापड महाग घेणार. चिडणारच की! एका राज्यानं तर तो कायदा आपल्या हद्दीत रद्द म्हणून जाहीरच करून टाकला." कापूस वेचणाऱ्या गुलामांना कुणी काही विचारलं नाही, हेही मी दोनदा सांगितलं.

सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे आमच्या घरचं भडंग!"

त्यांच्या नव्या सुनेचं, संयोगिताचं भडंग म्हणजे मीठ आणि जळका लसूण. पण सासूबाई मनुबाईंचा हुकूम होता, पोरीचा हात बसेपर्यंत जो बाहेरचं भडंग आणेल, त्यानं पायलीभर शेंगा फोडायच्या. फोडून फोडून सुभेदारांचे अंगठे सुजले होते.

पुढच्या पेपरात तोच प्रश्न पुन्हा आला आणि त्यांनी अंगठ्यांसकट सगळं लिहिलं. अठ्ठावन्न मार्क पडले! पाटी दारावर चढली, मला जेवायला बोलावणं आलं.

आधी ताटलीत भडंग आलं. सुभेदारांनी एक घास घेतला, थांबले, मग मूठभर तोंडात टाकलं.

"बाजारचं व्हय गं?"

"आवं, संयोगितानं केलंय," मनुबाई म्हणाल्या. "बसला की हात तिचा!"

सुभेदारांचा चेहरा पडला. मला हाताला धरून त्यांनी गोठ्याकडे नेलं.

"नागसेन सर, जकात लागू पडली की वो. आन् आमी तर पेपरात लय विरोध लिवलाय. पाटी उतरवू का?"

"विरोध का केला, एवढंच विचारलं होतं," मी म्हटलं. "तो बरोबर की चूक, हे कुणी विचारलं नव्हतं. चला, जेवायला."

जेवण झाल्यावर सुभेदार पाटीखाली बसले आणि कुणी न सांगता पायलीभर शेंगा फोडून सुनेपुढे ठेवल्या.