अय्युब मास्तरांचा अडतिसावा खून

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या अय्युब मास्तरांनी सदतीस रहस्यकादंबऱ्या लिहिल्या आणि सदतीस खून पचवले. एरवी मुंगीलाही न दुखावणारा माणूस! "मुसलमान असून मराठीत लिहिता?" असं कोणी विचारलं, की म्हणायचे, "खुनाले कोनती भाषा लागते, भाऊ?"

कादंबरी पुरी झाली की आधी बायकोला वाचून दाखवायची, ही त्यांची रीत. शकीला भाजी निवडता निवडता ऐकायची आणि खुनी ओळखायची. तिनं ओळखला, की मास्तर मुकाट्यानं शेवट बदलायचे. ती हरली तरच हस्तलिखित पुण्याच्या प्रकाशकाकडे जायचं. २००४ साली शकीला गेली आणि अडतिसावी कादंबरी टेबलावरच राहिली. शेवट जमला की फसला, सांगणार कोण? मास्तरांनी ती रिकाम्या घराला मोठ्यानं वाचून दाखवली. घर काय बोलणार!

म्हणून दर रविवारी एसटीनं अमरावतीला जाऊन ते कथालेखन शिकवू लागले. शिकवणं निमित्त, शोध ऐकणाऱ्याचा. तेव्हा गावोगाव शेती बसली होती, पोरं कामाला सुरत-पुण्याकडे निघाली होती. वीस विद्यार्थ्यांपैकी दिवाळीनंतर एकच उरली, वलगावच्या अंगणवाडीतली पंचफुलाबाई. शेवटी मास्तरांनी तिला शकीलाची सगळी हकिगत सांगितली आणि कादंबरी वाचून दाखवली.

"खुनी भाचा हाये," ती म्हणाली.

मास्तर हरले आणि खूश झाले. दोन वर्षांनी कोणीतरी त्यांना पकडलं होतं.

"पन सर, जो मेला त्या मानसासाठी कोनीच काहून रडत नाही?"

"रहस्यकथेत रडाले जागा नसते, बाई."

"मंग तो मेला कायले? आमच्या गावात हेच होऊन राहिलं. शेतकरी फास घेते, पोलीस येते, पंचनामा होते, कसा मेला ते सारे विचारते. घरात बाई रडते, ते कोनी लिहीत नाही." मग तिनं सरळच विचारलं, "तुमची बायको गेली तवा तुमी तरी रडले काय?"

सदतिसाव्या कादंबरीची प्रुफं शकीला गेली त्याच दिवशी आली होती. कब्रस्तानातून परतून मास्तर ती तपासत बसले होते. एक चूक राहू दिली नव्हती. हे सांगताना त्यांना लाज वाटली. मग ते हमसून हमसून रडू लागले.

अकोल्याची एसटी निघून गेली. पंचफुलाबाई जागची हलली नाही.

"रडा," ती म्हणाली. "मी बसली हाये."