पट्टा पूजेत होता

आयुधपूजेच्या सकाळी कृष्णवेणीअक्कांचा कराटेचा हिरवा पट्टा चंदन-कुंकू लावून देव्हाऱ्यापुढे ठेवलेला होता, स्कूटरच्या किल्लीशेजारी. आणि दुपारी निळ्या पट्ट्याची परीक्षा होती.

"पूजेतलं हत्यार उद्याशिवाय उचलायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"हातपाय काही मी पूजेत ठेवलेले नाहीत, आई!" असं म्हणून अठ्ठावन्न वर्षांच्या अक्का पायीच निघाल्या. शेजारची नंदिता चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या गल्ल्यांतून त्यांच्यामागे अक्षरशः पळत होती.

परीक्षक खास कोचीहून आलेले. "पट्टा नाही म्हणजे तुम्ही नवख्या," ते म्हणाले. "पांढऱ्या पट्ट्यांच्या रांगेत उभ्या राहा आणि तिथून वर या."

नंदिताचा चेहरा पडला. अक्का मात्र सात वर्षांच्या पोरांशेजारी ऐटीत उभ्या राहिल्या. पांढऱ्यांचे ठोसे झाले. पिवळ्यांच्या लाथा झाल्या. मग नारिंगी. तीन वर्षांची चढण अक्का एका दुपारी पुन्हा चढल्या. त्या पुढच्या रांगेत गेल्या की मागची पोरं तमिळमध्ये ओरडायची, "आजी, पुढे! पुढे!" हिरव्यांच्या रांगेत त्यांनी अशी आरोळी ठोकली की परीक्षकांच्या पेल्यातली कॉफी सांडली. नंदिता आ वासून बघतच राहिली.

निळा पट्टा मिळाला.

"बांधा ना अक्का, बांधा!" नंदिता उड्या मारत म्हणाली.

"आज? वेडी की काय गं तू?" अक्कांनी पट्ट्याची घडी करून तिच्या हातात दिली. "चल, पळ. आईंनी कुंकू कालवून ठेवलं असेल."