बत्तीस पौंड हवा

हवामास्तर माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच बघत नसत. आधी चाकांकडे बघत. तुम्ही गाडीतून उतरून हात पुढे करावा, तर ते उकिडवे बसलेले, टायरच्या नक्षीत अंगठा घालून. तिथूनच विचारणार, "डाव्या अंगाला खातोय. किती दिस झाले?" बायकापोरं कशी आहेत, गावाकडून पत्र आलं का, हे सगळं चारही चाकं झाल्यावर, आणि स्टेपनी दिसली तर पाचव्यानंतर. कुवेतला मी ज्या ठेकेदाराच्या यार्डात कारकून होतो, तिथले ते टायरवाले. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, वयानं माझ्या वडिलांएवढे. खरं नाव दुसरंच होतं, पण ड्रायव्हरांनी हवामास्तर म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. मी तोंडावर चाचा म्हणत असे. पाठीमागे काय काय म्हणत असे, ते लिहिण्यासारखं नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. यार्डात चाळीसेक गाड्या, त्यातले बरेच ट्रक मीना अब्दुल्ला बंदराकडे पाइप वाहून नेणारे. हवामास्तरांचा दंडक असा, की हवा गाडी हलायच्या आधी, टायर थंड असताना मोजायची. त्यांना गेजवरचा आकडा वाचता यायचा, पण लिहिता यायचं नाही. म्हणजे लिहायला कोण? मी. कुवेत म्हटलं की लोकांना नुसता उन्हाळा आठवतो, जानेवारीतली तिथली पहाट त्यांनी पाहिलेली नसते. वाऱ्यानं हाडं वाजताहेत, बोटांत पेन ठरत नाही आणि हे महाशय कानटोपी घालून एकेका चाकाशी बसून पुकारताहेत, "अठ्ठावीस! चार कमी. लिव!" काल दुपारी बरोबर भरलेली हवा थंडीनं उतरलेली असे. मी म्हणायचो, "चाचा, ऊन आलं की चढेल ती आपोआप." त्यावर ठरलेलं उत्तर. "ती चढलेली हवा खरी नाय, बाला. ताप आलेल्या मान्साचा आंग गरम लागतो, म्हनून तो तगडा झाला काय?"

उन्हाळ्यात हीच कटकट उलट्या बाजूनं. धावून आलेला टायर तापलेला, हवा फुगलेली. ड्रायव्हर घाबरून व्हॉल्व्ह दाबून थोडी सोडून देत. हवामास्तरांनी हे पाहिलं की यार्डभर बोंब. "गरम टायराची हवा सोडतोस? रातच्याला थंड झाला की खाली बसंल तो! मग दोन्ही कडा खाऊन टाकील!" एका पठाण ड्रायव्हरानं तर त्यांना उचलून शेजारच्या ड्रमवर बसवलं आणि निघून गेला. हे ड्रमवरूनही ओरडतच होते. भांडण मिटवायला पुन्हा मीच.

टायरांची अदलाबदल हा तर छळच होता. प्रत्येक टायरवर त्यांनी पांढऱ्या रंगानं नंबर घातले होते. ठरावीक मैल झाले की पुढचा डावा मागे उजवीकडे, मागचा डावा पुढे, स्टेपनी खाली आणि एक खालचा स्टेपनीच्या जागी. ड्रायव्हर खोळंबलेले, माल भरलेला, साहेब घड्याळ बघतोय आणि हवामास्तर पाना घेऊन शांतपणे नट सोडवताहेत. मी एकदा कावून म्हटलं, "स्टेपनीला तरी सोडा. ती नवी कोरी आहे." तर म्हणाले, "तीच तर वाईट गोष्ट. पुढचा रोज वलन खातो, आनि ती नुसती झोपून र्‍हाते. सगल्यांनी मिलून झिजायचा."

झिजलेल्या टायरवरून ते माणसाची पारख करत. मधला भाग झिजलेला असला, की ड्रायव्हर हवा जास्त मारतो, म्हणजे उगाच भिणारा. दोन्ही कडा गेल्या, तर आळशी. एकच कड गेली, तर चाकाची ठेवण बिघडली आहे, ड्रायव्हर बिचारा बरा. माझ्याकडे गाडी नव्हती, सायकल होती. ती बघून त्यांनी फक्त मान हलवली. आठवडाभर मला त्या मान हलवण्याचा राग होता.

माझी बायको शालिनी कुवेतला आली, तेव्हा तिला मात्र ते आवडले. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की आमच्या खोलीवर यायचे. ती मासे खात नाही हे कळल्यावर खजूर आणायला लागले. तिला "बाय" म्हणायचे. गावच्या घराचं सांगायचे. चिऱ्याच्या भिंती चढल्या होत्या, छप्पर व्हायचं होतं. "आजून दोन वरसां. मग कौलां चढवली की मी सुटलो." शालिनी म्हणायची, "किती शांत माणूस! तुम्ही उगीच चिडता." मी म्हणायचो, "पहाटे ये एकदा यार्डात."

त्या फेब्रुवारीत पाऊस बरा झाला होता आणि जहरा गावाच्या पुढे वाळवंटात हिरवळ फुटली होती. कुवेती लोक तंबू ठोकून राहायला जात. शालिनीला चौथा महिना होता, दिवसभर खोलीत कोंडून ती कंटाळली होती. मी साहेबाकडून शुक्रवारपुरती पिकअप मागून घेतली. साहेबानं दिली, पण नियम ऐकवला. हलगर्जीपणानं गाडीचं नुकसान केलं, तर तो माणूस पुढच्या बोटीनं मुंबईला. साहेब हे नुसतं म्हणत नसे, तसे दोघे गेलेलेही होते.

हवामास्तरांनी पिकअप सोडण्याआधी मला अर्धा तास उभं केलं. "वालूत शिरताना हवा अठरावर आन, म्हंजे रुतनार नाय. पन डांबरी रस्त्याला लागायच्या आधी पुन्ना बत्तीस. ध्यानात हाय? बत्तीस. हा पंप घे." पायानं दाबायचा पंप होता. बायकोसमोर मला पोरासारखं तीनदा "बत्तीस" म्हणून दाखवायला लावलं. मी दात ओठ खात म्हटलं.

वाळूत शिरताना हवा सांगितल्याप्रमाणे अठरावर आणली. दिवस फार छान गेला. परत निघताना डांबरी रस्त्यापाशी थांबलो आणि पंपाकडे बघितलं. चार चाकं, एकेका चाकाला पन्नास-साठ वेळा पाय मारायचा. शालिनी दमली होती. आणि खरं सांगायचं, तर बत्तीस हा आकडाच माझ्या डोक्यात गेला होता. म्हटलं, गेला खड्ड्यात हवामास्तर. पंप मागे तसाच ठेवला आणि गाडी दामटली.

वीसेक मिनिटांत पुढचा उजवा टायर तापून फुटला. गाडी भेलकांडत रस्त्याखाली गेली आणि कलंडली. शालिनीच्या कपाळाला खोक पडली. पोटातलं मूल वाचलं, हे डॉक्टरांनी रात्री उशिरा सांगितलं. पिकअपचा पुढचा भाग मात्र पार गेला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या खोलीत चौकशी झाली. फाटलेला टायर जमिनीवर पडला होता. हवामास्तर त्याच्याशी बसले, आतून बोटं फिरवली. आतला थर जळून सुटला होता. हवा कमी असताना पळवला की टायर आतून असाच जळतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. म्हणजे त्यांना सगळं कळलं. मला वाटलं, संपलं. माझी नोकरी गेली, कुवेतला राहायचा परवाना गेला, दिवस गेलेल्या बायकोला घेऊन मी पुढच्या बोटीवर. आणि हा माणूस एका पौंड हवेचंही खोटं बोलणारा नव्हे.

साहेब इंग्रज होता. हवामास्तरांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे नेहमीसारखा दुभाषा मीच. साहेबानं विचारलं, टायरला काय झालं? मी मराठीत विचारलं. हवामास्तर उठले, हात पुसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सायबाला सांग, यानं हवा भरायला घेतली होती. भरली नाय, कारन पंप खराब होता. आतला चामड्याचा वॉशर गेलेला. मला ठावक होतां. तरी तसाच दिला. चूक माजी."

साहेब माझ्या तोंडाकडे बघत होता. मी भाषांतर केलं. एक शब्द गाळला नाही, एक वाढवला नाही. इतकं चोख भाषांतर मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

खोलीबाहेर आल्यावर मी कसंबसं म्हटलं, "चाचा, हे काय केलंत?" ते माझ्यावरच खेकसले, "बत्तीस बोललो होतो ना? तीनदा बोललो होतो! पोटुशी बाय बसलेली गाडीत, आनि तुला पाय मारायचा कंटाला?" माझ्यावर ते असे कधी चिडले नव्हते. मग म्हणाले, "जा. तिच्याजवल बस." आणि स्टोअरकडे निघून गेले.

थोड्या वेळानं मी स्टोअरमध्ये गेलो तेव्हा ते नव्हते, पण पिकअपमधून काढून आणलेला पंप तिथे होता. मी तो उघडून पाहिला. वॉशर नवा होता, तेल लावून मऊ ठेवलेला.

सहा दिवसांनी मुंबईची बोट होती. साहेबाच्या नियमाप्रमाणे ते तिनं गेले. धक्क्यावर मी आणि कपाळाला पट्टी बांधलेली शालिनी पोचवायला गेलो होतो. मला म्हणाले, "सकालचा माप सोडू नको." तिच्या डोक्यावरून हात फिरवला. घराच्या छपराबद्दल काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. पुढे त्यांच्या गावचा एक माणूस भेटला, तो म्हणाला, भिंती तशाच आहेत, वर माडाची झापं टाकली आहेत.

त्या माणसावर मी अजून चिडतो. एवढा काटेकोर, आणि आयुष्यात एकदा खोटं बोलला ते माझ्यासाठी, तेही माझ्याच तोंडून. त्यांना सांगितलं होतं कुणी? मला खरं बोलायला सवडच ठेवली नाही, असं मी शालिनीला कितीतरी वर्षं सांगत आलो. ती ऐकून घेते. पण सवड होती. बोट सुटायला सहा दिवस होते, आणि साहेबाची खोली माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होती. मी गेलो नाही.